मला वाटलं पाच वर्षं आहेत

गेल्या आठवड्यात दाजींच्या ओळखीतून एक फोन आला. अमेरिकेतूनच, एक मावशी, आवाज अगदी खाली गेलेला. भाचा आत आहे म्हणाल्या, राज्याच्या कोर्टातलं सगळं संपलं, आता फेडरलला टाकायचंय, तुम्ही त्यातनं गेलात असं कळलं म्हणून फोन केला. मी म्हणलं बाकी सगळं नंतर सांगा, शेवटच्या ऑर्डरवर तारीख काय आहे तेवढं सांगा. तर म्हणाल्या ते बघावं लागेल, पण अजून भरपूर वेळ आहे असं तो म्हणतोय.

"भरपूर वेळ आहे" ऐकलं आणि पोटात गोळाच आला. म्हणून लिहायला बसलोय. मराठीत कुणी लिहिलेलं मला तरी तेव्हा सापडलं नव्हतं, आणि आपली पोरं तिकडे आत जात नाहीत असं आपल्याला जे वाटतं ते काही खरं नाही, मीच गेलो की.

केसबद्दल थोडक्यात सांगतो. न्यू जर्सीत नोकरीला होतो, आयटी, एच-वन. एका रात्री माझ्या गाडीखाली एक माणूस गेला. गाडी मीच चालवत होतो. त्यावर इथे जास्त लिहिणार नाही, त्याच्या घरचेही कुठेतरी आहेत. ज्युरीने दोषी धरलं, दहा वर्षं, आणि तिथल्या कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्यात ८५ टक्के शिक्षा भोगल्याशिवाय पॅरोलचं नाव काढायचं नाही, म्हणजे साडेआठ वर्षं. माझं म्हणणं एवढंच होतं की वकिलाने दोन गोष्टी करायच्या सोडल्या. अपघाताचं गणित मांडून दाखवणारा एक्सपर्ट आणला नाही, आणि समोरच्या गॅस स्टेशनवरच्या ज्या पोराने सिग्नल बघितला होता त्याला साक्षीला बोलावलं नाही. हे केलं असतं तर सुटलोच असतो असं मी आजही म्हणत नाही. पण कुणीतरी एकदा ऐकून घ्यावं असं वाटत होतं.

आता हे फेडरल प्रकरण काय ते. आपल्याकडे सेशन्स, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट असा एकच जिना आहे, चढत जायचं. तिथे राज्याचा जिना वेगळा आणि फेडरलचा, म्हणजे केंद्राच्या कोर्टांचा, वेगळा. आधी राज्याच्या जिन्याने पार वरच्या पायरीपर्यंत जायचं, तिथनं "नाही" घ्यायचं, मग खाली उतरून शेजारच्या बिल्डिंगचा जिना पहिल्या पायरीपासून चढायचा. याला हेबियस म्हणतात. आपल्याकडे हेबियस कॉर्पस म्हणलं की पोलिसांनी उचललेला माणूस कोर्टापुढे आणा असं डोळ्यापुढे येतं, नाव तेच, पण तिथे शिक्षा झालेल्या कैद्याचा हा शेवटचा दरवाजा. फेडरल जज तुम्ही चांगले का वाईट, शिक्षा जास्त का कमी हे बघत नाही, राज्याने तुम्हाला आत टाकताना अमेरिकेची घटना मोडली का एवढंच बघतो. आणि तेही बघण्याआधी तुम्ही दारात वेळेवर आलात का, योग्य दारातून आलात का, येताना सगळ्या पायऱ्यांवर पाय ठेवलात का हे तपासतो. माझी सगळी लढाई या दुसऱ्या भागातच गेली.

हे सगळं कडक झालं ते १९९६ पासून. ओक्लाहोमा सिटीत १९९५ला बॉम्बस्फोट झाला, १६८ माणसं गेली, त्यानंतर दहशतवादाविरुद्ध म्हणून जो कायदा आला, क्लिंटनने सही केलेला, त्यातच कैद्यांच्या हेबियसला एक वर्षाची मुदत घातली. आत त्याला सगळे एडपा म्हणतात. कुठला बॉम्ब आणि कुठला मी, पण त्या कायद्याचं एक वर्ष मलाही लागू.

गोची अशी की न्यू जर्सीचा स्वतःचा नियम वेगळा आहे. डायरेक्ट अपील, म्हणजे निकालावरचं नेहमीचं अपील, संपलं की वकिलाच्या चुकांबद्दल जी तक्रार करायची ती पीसीआर नावाच्या अर्जात करायची, आणि त्याला मुदत निकालापासून पाच वर्षं. पाच! टियरवर, म्हणजे आमच्या सेलच्या मजल्यावर, ज्याला विचाराल तो सांगायचा, पाच वर्षं आहेत भावा, घाई करू नकोस, नीट तयारी करून टाक. मीही आयटीवाला माणूस, रिक्वायरमेंट पूर्ण झाल्याशिवाय काम सुरू करायचं नाही ही सवय. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने माझं डायरेक्ट अपील एका ओळीत नाकारलं तेव्हा निकालाला जेमतेम अडीच वर्षं झाली होती, म्हणजे हातात अजून अडीच वर्षं. मी निवांत. ताई एडिसनला असते, तिने आणि दाजींनी पैसे जमवून एक अपघात-तज्ज्ञ इंजिनियर शोधला, त्याच्याकडनं रिपोर्ट करून घेतला, त्यातच आठ-नऊ महिने गेले, मी किचनमध्ये ड्युटी करत होतो, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटांचा फोन, रिपोर्ट कुठवर आला, रिपोर्ट कुठवर आला.

पण फेडरलचं एक वर्ष पीसीआरच्या पाच वर्षांना विचारत नाही. डायरेक्ट अपील संपलं, त्यापुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जायला ९० दिवस असतात, ते गेले की नव्वदाव्या दिवशी गुपचूप एक घड्याळ सुरू होतं. कुणी पत्र पाठवत नाही, कुणी सांगत नाही. पीसीआर टाकला की ते थांबतं. पण थांबतं म्हणजे थांबतंच, मागे फिरत नाही. मी पीसीआर टाकला तेव्हा ३३८ दिवस वाजून झाले होते आणि मला माहीतच नव्हतं की काही वाजतंय.

मग पीसीआर चालला. पहिल्या पीसीआरला राज्य वकील देतं, तसा मलाही मिळाला, बरा होता, दोन्ही मुद्दे मांडले. जजने साक्षीपुरावा न घेताच नाकारला. अपील केलं, वेगळी वकीलबाई, तिथेही नाही. मग राज्याच्या सुप्रीम कोर्टाकडे परत अर्ज, परत एका ओळीचं "नाही". यात दोन वर्षं गेली, सांगण्यासारखं काही नाही त्यात, वाट बघणं कसं लिहिणार.

शेवटची ऑर्डर मला मिळाली ती नऊ दिवसांनी, कारण ती आधी वकीलबाईंकडे गेली आणि त्यांनी मला टपालाने पाठवली. सोबत दोन ओळी, आमचं काम इथे संपलं, पुढे फेडरलला जायचं असल्यास मुदतीकडे लक्ष द्यावे. मी पत्र घडी घालून ठेवलं. डोक्यात हिशेब, मागच्या वेळी ९० दिवस होते तसे याही वेळी असतील, आणि मग वर्ष.

तीन दिवसांनी लॉ लायब्ररीचा माझा नंबर आला. आठवड्यात दोनदा, दीड-दोन तास, पास मिळाला तर. तिथे एक म्हातारे कैदी पॅरालीगल, म्हणजे कायद्याच्या कागदांत मदत करणारे, म्हणून बसायचे, तीसेक वर्षं आत, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला. मी त्यांना मनातल्या मनात बाबाच म्हणायचो. दुसरी सोय दिल्याशिवाय जेलला कैद्याने कैद्याला कायद्यात मदत करण्यावर बंदी घालता येत नाही, टेनेसीच्या एका कैद्याच्या केसमध्ये १९६९ साली सुप्रीम कोर्टाने तसं सांगितलंय, हेही मला त्यांनीच सांगितलेलं. त्यांनी माझी ऑर्डर बघितली आणि पहिला प्रश्न, "पीसीआर टाकायच्या आधी किती दिवस जाळलेस?"

मला प्रश्नच कळेना. म्हणलं कसले दिवस?

ते काही बोलले नाहीत, पेन्सिल घेतली, माझ्याकडनं एकेक तारीख विचारून कॅन्टीनच्या ऑर्डर-फॉर्मच्या मागे मांडत गेले. डायरेक्ट अपील नाकारलं ती तारीख. अधिक ९०. पीसीआर जमा झाल्याची तारीख. वजाबाकी. ३३८. मग ३६५ वजा ३३८, २७. मग ऑर्डरच्या तारखेपासून आजपर्यंत १२. त्यांनी शेवटी "१५" लिहून त्याला गोल केला आणि कागद माझ्याकडे फिरवला.

मी म्हणलं नाही नाही, मधे ९० दिवस असतात ना. तर म्हणाले ते पहिल्यांदाच, पीसीआर नाकारल्यावर नव्वद मिळत नाहीत, २००७ला फ्लोरिडाच्या एका माणसाने ते विचारून बघितलंय, पाच विरुद्ध चारने हरला. म्हणजे घड्याळ ऑर्डर निघाली त्याच दिवशी परत सुरू झालेलं, मला ती मिळायच्या आधीच नऊ दिवस गेलेले. नव्वद अधिक वर्ष धरून बसलेला मी, हातात पंधरा दिवस. त्या कागदाकडे बघताना कानात नुसती शिट्टी वाजत होती.

त्या रात्री ताईला फोन केला. तिने दाजींना, दाजींनी त्यांच्या सांगलीच्या चुलतभावाला, तो तिथे कोर्टात वकील आहे. त्याचं उत्तर, काळजी करू नका, उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज टाकायचा, डिले कंडोन होतो, आम्ही रोज टाकतो. आपल्याकडे खरंच होतो. तिथेही एक पळवाट आहे, २०१०च्या एका केसनंतर सुप्रीम कोर्टाने मानलेली, पण त्यासाठी तुम्ही सतत धडपडत होतात हे दाखवायचं, वर काहीतरी असाधारण आडवं आलं हेही दाखवायचं, आणि "मला नियम माहीत नव्हता" हे असाधारण धरत नाहीत. वकिलाने दिवस मोजायला चूक केली तरी ती साधी चूक. दाजी मला म्हणाले, अरे पण तू आत आहेस, तुला कसं माहीत असणार? मी म्हणलं दाजी, कायद्याला ते माहीत आहे, त्याला फरक पडत नाही.

आता अंगारा.

आईला इस्लामपुरात कुणीतरी सांगितलं की पोराची शेवटची कोर्टाची पायरी आहे. ती गावाकडच्या देवाला गेली, अभिषेक केला आणि पत्रात कागदाची पुडी करून अंगारा घालून पाठवला. गल्लीत सगळ्यांना "अमेरिकेला आहे" एवढंच सांगितलेलं, ते खोटंही नव्हतं. माझी मराठी पत्रं नेहमीच मेलरूममध्ये अडकायची कारण त्यांना वाचता यायची नाहीत, पण या वेळी पाकीट उघडल्यावर राखाडी पावडर खाली सांडली. परदेशातून आलेलं पाकीट, कळत नाही अशा लिपीतलं पत्र आणि आत पावडर. मला सेलमधून काढलं, बेड्या घातल्या आणि टेस्टचा रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या सेलमध्ये टाकलं. हे काय आहे विचारल्यावर मी म्हणलं होली अ‍ॅश. ऑफिसरने लिहून घेतलं "अ‍ॅश", आणि विचारलं, कुणाची?

पाच दिवस. कागद नाहीत, पेन म्हणजे बोटाएवढी वाकणारी रिफिल, लायब्ररी नाही. माझा बाबांनी गोल केलेला कागद जुन्या सेलमध्ये राहिला होता पण तो आकडा काय विसरतोय, भिंतीकडे बघून मोजत होतो, तेरा, बारा, अकरा. आईचा राग आला नाही असं म्हणलं तर खोटं होईल. आला. चौथ्या दिवशी जेवणाबरोबर कॅन्टीनवाल्या पोराच्या हातून बाबांचा निरोप आला, फॉर्म काढून ठेवलाय.

बाहेर आलो तेव्हा आठ दिवस उरले होते.

फॉर्म सगळ्या देशात साधारण एकच असतो, एओ २४१, हेबियसचा. त्यात अठरावा प्रश्न असा की तुमचा निकाल पक्का होऊन वर्षाच्या वर झालं असेल तर मुदत का संपली नाही ते लिहा. तिथे मी बाबांची वजाबाकी जशीच्या तशी उतरवली. मुद्दे लिहिताना मला पानंच्या पानं लिहायची होती, त्या रात्रीचा पाऊस, सिग्नल, सगळं. बाबा ओरडले, गोष्ट नको सांगूस, प्रत्येक मुद्द्याखाली घटनेची कुठली दुरुस्ती मोडली ते लिही आणि राज्याच्या कुठल्या कुठल्या कोर्टात तो मांडला ते लिही. मग सहावी दुरुस्ती, वकिलाचा हक्क, १९८४ची ती स्ट्रिकलंड केस, वकील नुसता वाईट होता म्हणून भागत नाही, तो नसता वाईट तर निकाल वेगळा लागायची वाजवी शक्यता होती हेही दाखवायचं. हाताने लिहिलं सगळं, टाइपरायटरची रिबन संपलेली.

फी पाच डॉलर. हो, पाचच. पण ते कसे भरायचे? गरीब आहे असा अर्ज करायचा तर सहा महिन्यांचा खात्याचा उतारा ऑफिसकडून सर्टिफाय करून घ्यायचा, त्याला कधी आठवडा लागतो कधी तीन. आणि न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टाचा नियम की कैद्याच्या खात्यात २०० डॉलरच्या वर असतील तर तो गरीब नाही. माझ्या खात्यात २१२ होते, ताईने रिपोर्टच्या झेरॉक्ससाठी टाकलेले. बारा डॉलरनी श्रीमंत. दिवसाला दोन डॉलरसुद्धा पगार नव्हता माझा. मग खात्यातनं पाच डॉलर काढायचा वेगळा फॉर्म, तो ऑफिसकडे, चेक ते थेट कोर्टाला पाठवणार, कधी पाठवणार ते सांगणार नाहीत. बाबा म्हणाले फीची वाट बघू नकोस, पिटिशन जाऊ दे, फी मागनं आली तरी चालते.

मूळ आणि दोन प्रती. झेरॉक्स पानाला दहा सेंट, मशीन त्या दिवशी बंद, दुसऱ्या दिवशी चालू.

सत्तावीसपैकी पंचविसाव्या दिवशी, म्हणजे दोन दिवस हातात असताना, संध्याकाळी कैदी मोजतात त्या काउंटच्या आधी मी पाकीट घेऊन सेलच्या दारात उभा राहिलो. बाबांनी तीन गोष्टी बजावल्या होत्या. साध्या डब्यात टाकायचं नाही, लीगल मेल म्हणूनच द्यायचं. पाकिटात एक शपथेचा कागद घालायचा, अमुक तारखेला, पोस्टेज भरून, अमुक ठिकाणी ऑफिसरच्या हातात दिलं, खोटं असेल तर शिक्षेला पात्र. आणि लीगल मेलच्या वहीत त्याने तारीख टाकून सही केल्याशिवाय पाकीट हातातून सोडायचं नाही. ऑफिसर तरुण होता, म्हणाला ठेव तिथे, नंतर करतो. मी म्हणलं सर, प्लीज, आत्ता. तो माझ्याकडे बघत राहिला, मी पाकीट धरून उभा, मागे लाइनमधली पोरं हसायला लागली. शेवटी त्याने वही काढली. काळ्या पेनाने तारीख टाकली, तारखेतला महिना आधी चुकीचा लिहिला, खोडला, परत लिहिला. ती खाडाखोड बघून माझं काळीज हललं पण मी काही बोललो नाही.

या सगळ्याचं मूळ एका टेनेसीच्या कैद्यात आहे, ह्यूस्टन त्याचं आडनाव. त्याने तीस दिवसांच्या मुदतीतल्या सत्ताविसाव्या दिवशी अपिलाचा कागद जेलवाल्यांच्या हातात दिला, कोर्टात शिक्का पडला एकतिसाव्या दिवशी, खालच्या कोर्टाने काढून टाकलं, एक दिवस उशीर. १९८८ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की कैदी स्वतः कोर्टाच्या खिडकीवर जाऊ शकत नाही, तेव्हा त्याने जेलच्या हातात दिलं तोच दाखल केल्याचा दिवस. हा एकमेव नियम मला पूर्ण प्रवासात असा भेटला की ज्यात आत बसलेल्या माणसाची बाजू कुणी डोळ्यापुढे आणलेली दिसते.

महिन्याभराने कोर्टाकडून एक नोटीस आली. त्या भागातल्या फेडरल कोर्टांत ती सगळ्यांना येते, २००० सालच्या एका केसपासून. म्हणजे असं, तुम्हाला आयुष्यात साधारणपणे एकच हेबियस मिळणार, तेव्हा सगळे मुद्दे यातच हवेत, काही राहिलं असेल तर ४५ दिवसांत हे मागे घ्या आणि पूर्ण लिहून परत टाका, नाहीतर आहे असंच चालवा. वाचून वाटलं किती चांगली माणसं. मी जवळजवळ मागे घेणारच होतो, म्हणलं नीट टाइप करून टाकू. बाबांनी डोक्याला हात लावला. फेडरलला अर्ज पडून आहे म्हणून घड्याळ थांबत नाही रे, ते फक्त राज्याच्या अर्जाने थांबतं, तुझे दोन दिवस कधीच संपलेत, आज मागे घेतलंस तर उद्या टाकायला काही उरणारच नाही. मी आहे असंच चालवा म्हणून कळवलं.

राज्याचं उत्तर आलं, जाडजूड, आणि पहिलाच मुद्दा की अर्ज मुदतबाह्य, कोर्टाचा शिक्का सात दिवस उशिराचा. शिक्का माझ्या पाकिटावर मी दिल्यानंतर नऊ दिवसांनी पडला होता. ते कुठे होतं नऊ दिवस देव जाणे. मी वहीच्या त्या पानाची कॉपी मागितली, तक्रार-अर्ज तीनदा टाकले, चौथ्या वेळी मिळाली, खाडाखोडीसकट. जजने ती मान्य केली. ऑर्डरमध्ये त्यावर दोन ओळी होत्या. त्या दोन ओळींच्या दिवशी मी टियरवर सगळ्यांना सूप वाटलं, आम्ही जिंकलोय अशा थाटात, आणि जिंकलं काय होतं, तर मी वेळेवर आलो होतो.

मग तेरा महिने काही नाही.

निकाल तीसेक पानांचा. गॅस स्टेशनवरच्या पोराचा मुद्दा वाचलाच नाही. कारण पीसीआर कोर्टात मांडला होता, अपिलात मांडला होता, पण राज्याच्या सुप्रीम कोर्टाला दिलेल्या अर्जातून वकीलबाईंनी तो गाळला होता. पानांची मर्यादा असते, त्यांना एक्सपर्टचा मुद्दा मजबूत वाटला असेल, मला विचारलं नाही. शेवटच्या पायरीवर पाय पडला नाही म्हणजे तो जिना चढलाच नाही. आता परत जाऊन चढू म्हणलं तर राज्याची मुदत संपलेली. आणि पीसीआरला वकील मिळण्याचा घटनेने हक्क नाही, म्हणून त्या वकिलाची चूक ती तुमची चूक. हे १९९१चं आहे, व्हर्जिनियाच्या कोलमनची केस, त्याच्या वकिलांनी अपील तीन दिवस उशिरा टाकलं, फाशीची केस होती, सुप्रीम कोर्टाच्या निकालाचं पहिलंच वाक्य असं की ही केस संघराज्याबद्दल आहे. माणसाबद्दल नाही. पुढच्या वर्षी त्याला मारलं. २००६ला डीएनए तपासला तर तोच दोषी निघाला, हेही सांगायला पाहिजे, मी उगाच त्याला संत करत नाही. पण तीन दिवसांचा नियम लावताना ते कुणाला माहीत नव्हतं ना.

२०१२ला यात एक फट पडली, मार्टिनेझची केस, पीसीआरच्या पहिल्या कोर्टातल्या वकिलाने घाण केली असेल तर कधीकधी माफ. जुन्या जेलमध्ये असतानाच मी ती वाचून उड्या मारल्या होत्या. तेव्हा बाबांनी शेवटचं पान काढून दाखवलं होतं, फक्त पहिल्या कोर्टातल्या, पुढच्या अपिलातल्या नाही. माझ्या पहिल्या वकिलाने काम नीट केलं होतं, म्हणून मी त्या फटीत बसत नव्हतो. त्याने चूक केली असती तर बरं झालं असतं, असा विचार माणूस करू लागतो.

एक्सपर्टचा मुद्दा मात्र वाचला. पण राज्याच्या कोर्टाचा निर्णय नुसता चुकीचा असून चालत नाही, शहाण्यासुरत्या कुठल्याच जजला पटणार नाही इतका चुकीचा लागतो. आणि इंजिनियरचा नंतर सुधारून घेतलेला रिपोर्ट, ज्यात स्पीडचा हिशेब पूर्ण होता, तो बघायलाच मनाई, कारण फेडरल जजने राज्याच्या कोर्टापुढे जे होतं तेवढंच बघायचं, २०११चा नियम. ताईने त्या रिपोर्टसाठी बांगड्या मोडल्या होत्या. मी तिला सांगितलं जजने वाचला, पण पटला नाही.

त्यावर अपील करायचं तर आधी परवानगीचं सर्टिफिकेट लागतं, अपिलाची परवानगी मागायची परवानगी म्हणा, आणि मुदत तीस दिवस. मधल्या काळात माझी बदली दुसऱ्या जेलमध्ये झालेली. मी पत्ता बदलल्याचं पत्र कोर्टाला पाठवलं होतं तरी निकाल जुन्या जेलला गेला आणि फिरत फिरत तेविसाव्या दिवशी मिळाला. आता मला मोजायला कुणाची गरज नव्हती. सात. त्याच दिवशी एका पानाची नोटीस हाताने लिहून वहीत सही घेऊन दिली. कोर्टाने वेळ वाढवून दिली तर बघू असंही कुणी म्हणालं, तर मी ओहायोच्या बोल्सची गोष्ट सांगितली. जजने त्याला अपिलाला चौदाऐवजी चुकून सतरा दिवस दिले, तो सोळाव्या दिवशी आला, २००७ला सुप्रीम कोर्ट म्हणालं जज चुकला तरी मुदत ती मुदत, बाहेर. तोवर मीच त्या नव्या जेलमध्ये बाबा झालो होतो, पोरं येऊन बसायची, मी कॅन्टीनच्या फॉर्मच्या मागे वजाबाक्या करून द्यायचो.

अपिलाची फी तेव्हा ५०५ डॉलर, आता ६०५ आहे. या वेळी खात्यात दोनशेच्या खाली होते, ताईला मुद्दाम सांगितलं होतं टाकू नकोस. चार महिन्यांनी फिलाडेल्फियाच्या फेडरल अपील कोर्टाकडून एक पान आलं. सर्टिफिकेट नाकारलं, हक्क मोडल्याचं ठोस असं काही दिसत नाही. तीन जजांची नावं. संपलं.

शिक्षा पूर्ण झाल्यावर इमिग्रेशनवाल्यांनी गेटवरूनच उचललं, काही आठवडे त्यांच्याकडे, मग मुंबई. सुटताना सामानाची यादी देतात, त्यात एक ओळ होती, पाकीट एक, राखाडी पावडर, तपासणीत काही आढळले नाही, नष्ट केले. घरी आल्यावर आईने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी विचारलं, अंगारा मिळाला होता का रे? मी म्हणलं हो, मिळाला होता. लावलास का? हो.

आज सकाळी त्या मावशींनी ऑर्डरचा फोटो पाठवला व्हॉट्सअ‍ॅपवर. कागदाची घडी नेमकी तारखेवर पडलीय, महिना कळतोय, दिवस तीन आहे का आठ ते कळत नाही. घडी उलगडून उजेडात धरून परत काढा म्हणून सांगितलंय, आणि पीसीआर कुठल्या तारखेला टाकला तेही विचारून ठेवा म्हणलं, त्यांच्याकडे त्याला दुसरं काही म्हणत असतील. तिकडे आत्ता रात्र आहे. पेन्सिल घेऊन बसलोय.